यंत्र नवे झाले, अक्षरांचे काय?

गेल्या आगमनकाळातील गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात येऊन बसतो न बसतो तोच आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान आमच्या प्राथमिक शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते रविवारी मुलांस धर्मशिक्षण देत आणि आठवड्यातून तीन दुपारी कार्यालयातील संगणकापुढे बसून, एकेक कळ शोधीत, सावकाश काहीतरी टंकलिखित करीत. सारा गाव त्यांस मास्तर म्हणे. आम्हीही येथे तसेच म्हणू. मास्तरांस देवाघरी जाऊन वर्ष पुरे होत आले होते.

“फादर,” त्या म्हणाल्या, “त्यांच्या वर्षाच्या मिस्सेला ओव्यांची लहानशी पुस्तिका छापून घरोघर द्यावी असं मनात आहे. ते म्हणायचे, सगळं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तेवढं काढून द्याल का?”

“त्यात काय मोठंसं, मावशी! बसा, आत्ताच काढून देतो.”

हे शब्द आम्ही फार लवकर उच्चारले, हे पुढील पाचच मिनिटांत आमच्या ध्यानी आले.

मास्तरांनी काय जमविले होते ते प्रथम सांगितले पाहिजे. वाड्यावस्त्यांवर हिंडून, म्हाताऱ्या बायांच्या उंबऱ्याशी बसून, त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. एकंदर एकेचाळीस बाया; प्रत्येकीचे नाव, माहेर, सासर आणि तिने ती ओवी कोणाच्या तोंडून उचलली याची नोंद. त्यांपैकी बहुतेकजणी आज हयात नाहीत. मूळ वह्यांस वाळवी लागली तेव्हा, आता सर्व काही संगणकात सुखरूप आहे या भरवशावर, त्या वह्या जाळून टाकण्यात आल्या. म्हणजे ज्या ओव्या मागण्यास मावशी आल्या होत्या त्या त्या यंत्राबाहेर जगात कोठेही लिहिलेल्या नव्हत्या.

आम्ही फाइल उघडली. पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम, डॉलरची खूण आणि टोप्या घातलेले परदेशी स्वर यांचा एक अर्थहीन ढीग पानामागून पाने पसरला होता. मावशींस इंग्रजी येत नाही. त्या पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “हे त्यांचंच ना?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

दोष कोणाचा?

याच्या एकच महिना आधी कार्यालयातील संगणकाची कार्यप्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती, बदलून नवी करण्यात आली होती. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने दोन रविवार खर्चून हे काम केले. लेखनासाठी व हिशेबासाठी त्याने लिब्रेऑफिस हा मुक्तस्रोत प्रोग्राम घातला. कारण त्यास मूल्य पडत नाही आणि तो कितीही यंत्रांवर वापरला तरी परवान्याचा भंग होत नाही. साहजिकच ही वार्ता पसरताच आमच्या सल्लागार मंडळातील एका सद्गृहस्थांनी निकाल दिला, “फुकटच्या वस्तूची हीच गत व्हायची!” आणि कबूल केले पाहिजे की, त्या क्षणी आम्हीही मान डोलाविली.

तो निकाल चुकीचा होता. तो कसा चुकीचा होता हे समजून घेण्यास आम्हांस काही दिवस लागले. हीच अडचण आज अनेक शाळांच्या, पतपेढ्यांच्या, महिला मंडळांच्या आणि घरच्या संगणकांपुढे उभी असल्यामुळे, जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कार्यप्रणाली म्हणजे घराचे जोते. लेखनाचा प्रोग्राम ही त्यावर बांधलेली खोली, आणि आपण लिहिलेला मजकूर हे त्या खोलीतील सामान. जोते बदलले की खोलीस हादरा बसतो, आणि सामान जर भिंतीतच चिणलेले असेल तर भिंतीबरोबर तेही जाते. जोते बदलू नये असे मात्र म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय नसलेल्या जुन्या यंत्रांवर घालण्यास कंपनीची मान्यता नाही. म्हणून पुष्कळांनी नवे यंत्र घेतले, तर काहींनी त्याच यंत्रावर लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली घातली. ज्या प्रणालीच्या भेगा बुजविण्यास कोणी उरले नाही तिच्यावर बँकेचे व्यवहार व लोकांच्या नोंदी ठेवणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा बदल हा यावयाचाच. प्रश्न एवढाच की, बदलाच्या दिवशी आपले सामान सुटे आहे की भिंतीत चिणलेले.

खोली कोणी बांधली?

लिब्रेऑफिसची कुळकथा थोडक्यात अशी. जर्मनीतील ल्यूनेबुर्ग या गावी मार्को ब्योरिस नावाच्या एका शाळकरी वयाच्या मुलाने १९८५ साली स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचा स्टारऑफिस हा प्रोग्राम १९९९ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतला आणि २००० साली त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. संहिता खुली करणे म्हणजे सुगरणीने पदार्थाबरोबर त्याची कृतीही वाटून टाकणे. मग तो पदार्थ कोणीही करावा, सुधारावा आणि पुन्हा वाटावा. त्यातून ओपनऑफिस निघाले. पुढे २०१० साली सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा कार्यकर्त्यांस आपल्या कामाच्या भवितव्याची चिंता वाटली. त्यांनी त्याच वर्षाच्या २८ सप्टेंबर रोजी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था जाहीर केली आणि त्याच संहितेतून लिब्रेऑफिस पुढे चालविले. धनी बदलला तरी कृती लोकांच्या हाती राहिल्यामुळे काम बंद पडले नाही.

या प्रोग्रामास केवळ हौशी मंडळीच वापरतात असा समज असेल तर तो सोडावा. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आपले सुमारे ३०,००० शासकीय संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचे २०२४ साली जाहीर केले. आपल्या देशात केरळच्या शाळांतून मुक्तस्रोत प्रणाली व प्रोग्राम यांवर मुलांस संगणक शिकविला जात आहे.

तथापि नव्या जोत्याशी जुळवून घेणे यासही चुकत नाही. प्रत्येक आवृत्ती काही ठराविक प्रणालींसाठीच बांधलेली असते. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली लिब्रेऑफिसची २५.८ ही आवृत्ती विंडोज ७ व ८ यांवर चालत नाही. (२०२४ पासून या प्रोग्रामच्या आवृत्तीस वर्ष व महिना यांवरून क्रमांक देतात, २५.८ म्हणजे २०२५ चा आठवा महिना.) याच्या उलट, प्रणाली नवी आणि प्रोग्राम फार जुना असला तरीही गाडी अडते. ॲपलने २०१९ साली मॅकची कॅटलिना ही प्रणाली आणली तेव्हा ३२ बिटांचे सर्व जुने प्रोग्राम तिच्यावर चालणे बंद झाले. लिब्रेऑफिसची मॅकवरील आवृत्ती त्याआधीच ६४ बिटांची झालेली असल्याने ती तरली. याच प्रोग्राममधील बेस हा नोंदींचा भाग काही कामांसाठी जावा या दुसऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असतो. लिब्रेऑफिस ६४ बिटांचे आणि जावा ३२ बिटांचे असेल तर दोघांचे जमत नाही. प्रणाली बदलल्यावर ‘बेस उघडत नाही’ अशी तक्रार येते तिचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

ही झाली खोलीची गोष्ट. तिच्यावर उपाय सोपा आहे: प्रणालीस जुळणारी आवृत्ती संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. पण आमच्या पडद्यावरील ढिगाचे कारण खोलीत नव्हतेच.

अक्षराचा मुखवटा

आमच्या तरुण मित्राने येऊन मजकुरावर एकदा टिचकी मारली आणि वरच्या पट्टीतील फाँटचे नाव दाखविले. ते तिरप्या अक्षरांत दिसत होते. “फादर, नाव तिरकं दिसलं की समजायचं, हा फाँट या मशीनवर नाही. प्रोग्रामनं फाइल बरोबर वाचली आहे. तिच्यात मराठी नाहीच!”

तिच्यात मराठी नाही! हे वाक्य आम्हांस प्रथम उद्धट वाटले. पण ते अक्षरशः सत्य होते. संगणकास अक्षर कळत नाही, अंक कळतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर हे आधी ठरवावे लागते. १९९० च्या व २००० च्या दशकांत मराठी छपाईत वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य फाँटांनी एक तात्पुरती युक्ती केली होती. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर त्यांनी देवनागरीची चित्रे बसविली. फाइलमध्ये अंक इंग्रजी अक्षराचा. वर मुखवटा मराठी अक्षराचा. शिवाय कोणत्या जागी कोणते चित्र बसवावे हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांची मांडणी एकमेकींशी जुळत नाही ती यामुळेच. मुखवटा असेपर्यंत सर्व आलबेल. प्रणाली बदलताना फाँट मागे राहिला की मुखवटा गळून पडतो आणि खालचा अंक उघडा होतो. असे फाँट लिहिण्याचे प्रोग्राम कधी कधी संगणकाच्या मागे खोचावयाच्या किल्लीवर व तिच्या ड्रायव्हरवर चालत; आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही.

येथे आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण झाले. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज धर्मगुरूंचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. देशी लिपीतील छपाईची त्यांची इच्छा १६०८ च्या त्यांच्या पत्रात नमूद आहे. अडचण साच्यांच्या संख्येची होती, कारण रोमी लिपीस दोन डझन साचे पुरत, तर आपल्या अक्षरांस सुमारे ६०० लागत. म्हणजे मराठी मजकूर परक्या अक्षरांत साठविण्याची पाळी आपल्यावर पूर्वीही आलेली होती. परंतु स्टीफन्स यांनी वापरलेली अक्षरे मुखवटा नव्हती. कोणते रोमी अक्षर कोणत्या मराठी ध्वनीसाठी आहे हे वाचकास उघड दिसत होते. म्हणूनच १९०७ साली मंगळूर येथे तो ग्रंथ रोमीत पुन्हा छापता आला आणि १९५६ साली पुण्यात देवनागरीत आणता आला. तीनशे चाळीस वर्षांनी तो ग्रंथ लिपी बदलून सुखरूप आला, आणि आमच्या कार्यालयातील वीस वर्षांपूर्वीची फाइल एका महिन्यात मुकी झाली. जुनेपणाने तिचे काहीच बिघडले नव्हते. तिच्या अक्षरांचा नियम सर्वांस खुला नव्हता, एवढाच काय तो फरक.

या गोंधळावरील उपाय म्हणजे युनिकोड. जगातील सर्व लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एकच कायम क्रमांक देणारी ही पद्धती १९९१ पासून प्रसिद्ध असून देवनागरी तिच्यात आरंभापासून आहे. ‘क’चा क्रमांक ०९१५, ‘ळ’चा ०९३३, हे क्रमांक विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर आणि खिशातील फोनवरही तेच. यात फाँट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, कदाचित मराठी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ ऐवजी हिंदी वळणाचे दिसतील; परंतु अक्षर हरवणार नाही.

मावशींची साक्ष

तेव्हा शोध सुरू झाला तो फाँटचा. मावशींनी घरची पेटी उपसली आणि तिसऱ्या दिवशी एक जुनी सीडी घेऊन आल्या. मास्तरांनी तिच्या पाकिटात रीतसर खरेदीची पावती जपून ठेवली होती! फाँट यंत्रात बसविला आणि तीच फाइल पुन्हा उघडली. ओव्या जशाच्या तशा दिसू लागल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांस लावला.

परंतु पुन्हा मुखवटा चढवून थांबणे म्हणजे पुढील बदलाच्या वेळी पुन्हा रडणे. म्हणून जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या एका परिवर्तकातून सर्व फायली काढल्या. हे काम यांत्रिक असले तरी निर्दोष होत नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस दिसते तशी अक्षराच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते. रफार जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. परिवर्तकास प्रत्येक वेळी ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर मोठे असले की तो चुकतो. सर्वांत मोठी चूक आपल्या मराठीच्या खास ‘ऱ्य’ची. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू व स्वयंपाकी एवढे अंतर आहे. पण यंत्राने अनेक ठिकाणी दोहोंचे एकच केले.

चार जणांनी तीन संध्याकाळी बसून मुद्रिते तपासली. एका ओवीत ‘दर्या’ असे आले. व्याकरणाने चूक काढता येईना. आम्ही ते तसेच ठेवणार होतो. मावशी कोपऱ्यात ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “फादर, समुद्र कुठला आला आमच्याकडं? डोंगराच्या दऱ्या त्या.” आणि त्यांनी ती ओवी गळ्यावर म्हणून दाखविली. अशा अकरा जागा त्यांनी दुरुस्त केल्या. त्या वेळी आमच्या मनात आले की, परिवर्तक कितीही चांगला असला तरी ज्यांस मजकूर मुखोद्गत आहे अशी माणसे जिवंत असतानाच हे काम उरकले पाहिजे.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास संकोच वाटतो. एकेचाळीसपैकी तीन बायांच्या ओव्या आम्हांस मिळाल्या नाहीत, आणि तो दोष ना फाँटचा, ना प्रणालीचा, ना लिब्रेऑफिसचा. पहिल्याच दिवशी, मावशी गेल्यावर, आम्ही उतावीळपणे त्या तिघींची फाइल निव्वळ मजकूर म्हणून साठवून पाहिली. संकेतपद्धती कोणती हवी, असे यंत्राने विचारले. आम्ही न वाचता एक निवडली. त्या पद्धतीत ज्या अंकांस जागा नव्हती त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे आली, आणि आम्ही ती फाइल मूळ फाइलीच्याच जागी जतन केली. जो अंक दिसत होता तोवर आशा होती. अंकाचे प्रश्नचिन्ह झाल्यावर कोणताही परिवर्तक काही करू शकत नाही. दुसरी प्रत नव्हती. मावशींस हे आम्ही स्वतः जाऊन सांगितले. त्यांनी एकच विचारले, “कोण कोण त्या?” नावे सांगितली तेव्हा त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या.

बदलापूर्वी करावयाची कामे

ज्यांस प्रणाली बदलावयाची आहे त्यांनी आमच्या अनुभवावरून पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, बदलापूर्वी सर्व फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी काढाव्यात, आणि त्यांपैकी एक यंत्रास जोडलेली नसावी. दुरुस्तीचे प्रयोग नेहमी प्रतीवर करावेत. मूळ फाइलीस हात लावू नये. उघडलेली फाइल विचित्र दिसली तर ती जतन न करता बंद करावी. हा एक नियम पाळला असता तर वरचा परिच्छेद आम्हांस लिहावा लागला नसता.

दुसरी गोष्ट, जुन्या यंत्रात कोणते फाँट आहेत त्यांची यादी करावी आणि रीतसर घेतलेल्या फाँटांच्या फायली व पावत्या जपून ठेवाव्यात. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत लिब्रेऑफिसबरोबर कार्लिटो, कॅलाडिया व लिबरेशन हे फाँट येतात. ते अनुक्रमे कॅलिब्री, कॅम्ब्रिया आणि एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरियर न्यू यांच्या मापाचे असल्यामुळे पाने फारशी हलत नाहीत. जुन्या मराठी फाँटांस असा पर्याय नाही.

तिसरी गोष्ट, जुने यंत्र चालू आहे तोवरच त्यातील महत्त्वाचा मराठी मजकूर पीडीएफ करून व कागदावर छापून ठेवावा. पुढे परिवर्तकाची चूक शोधावयाची तर बरोबर काय होते ते कोठेतरी दिसले पाहिजे.

चौथी गोष्ट, यापुढील सर्व मराठी लेखन युनिकोडमध्येच करावे. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट इंग्रजीपासून वेगळा नेमावा लागतो. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून भाषांच्या सदरात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ ही सोय चालू करावी आणि भाषा मराठी निवडावी. हे न केल्यामुळे ‘फाँट बदलला तरी अक्षर बदलत नाही’ अशी तक्रार पुष्कळजण करतात. ज्यांस काही काळ जुना फाँट वापरणे भागच आहे त्यांनी स्वयंदुरुस्ती बंद ठेवावी. वाक्याचे पहिले इंग्रजी अक्षर मोठे करण्याची तिची सवय मुखवट्याच्या फाँटात एका मराठी अक्षराचे दुसरेच अक्षर करून टाकते.

पाचवी गोष्ट, जे जपावयाचे आहे ते ओपनडॉक्युमेंट या खुल्या स्वरूपात ठेवावे. हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. ‘ओडीटी’ फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक गाठोडे असते. ते सोडले तर आत आपला मजकूर साध्या अक्षरांत वाचता येतो, मग प्रोग्राम असो वा नसो. त्याबरोबर पीडीएफ करताना दीर्घकाळ जतनासाठी असलेले ‘पीडीएफ/ए’ हे स्वरूप निवडावे. फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाँट फाइलीतच बांधून देण्याचीही सोय आहे, दुसऱ्याच्या यंत्रावर पाठविताना ती उपयोगी पडते.

सहावी गोष्ट, ज्या कार्यालयांशी आपला पत्रव्यवहार आहे ती ‘डॉक्स’ फायली मागत असतील तर त्या लिब्रेऑफिसमधूनही करता येतात. परंतु तक्ते, चौकटी व आपोआप चालणाऱ्या आज्ञा यांची मांडणी क्वचित हलते. म्हणून अशी फाइल पाठविण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालावी. मुक्तस्रोत प्रोग्राम निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्याचा दोष कोठे आहे हे शोधण्यास कोणाची आडकाठी नसते.

एका गोष्टीचा मात्र आवर्जून उल्लेख करतो. ज्या जुन्या प्रोग्रामांच्या कंपन्यांनी त्यांकडे पाठ फिरविली त्यांच्या फायली उघडण्यासाठी २०१४ पासून डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट या नावाने स्वयंसेवक काम करीत आहेत. पेजमेकरसारख्या प्रोग्रामच्या फायली लिब्रेऑफिस उघडू शकते ते या मंडळींच्या श्रमामुळे. आपल्याकडे किती स्मरणिका, किती प्रार्थनापुस्तिका, किती शाळांची हस्तलिखिते अशा फायलींत पडून असतील! मांडणी विसकटेल, फाँटचा प्रश्न उरेल. पण अंक हाती येतील, आणि अंक हाती आले म्हणजे अक्षरांपर्यंत वाट आहे.

कोरी पाने

मास्तरांच्या वर्षाच्या मिस्सेस पुस्तिका तयार होती. अडतीस बायांच्या ओव्या तिच्यात आहेत. उरलेल्या तिघींची नावे, माहेर व सासर मावशींच्या आठवणीतून लिहून, त्या नावांखाली प्रत्येकी एक पान आम्ही कोरे सोडले. छापखान्यातील गृहस्थांनी विचारले, “फादर, ही पानं चुकून राहिली का?” आम्ही म्हणालो, “चुकूनच राहिली; पण तशीच छापा.”

मिस्सा संपल्यावर एक तरुण सून आपल्या मुलास कडेवर घेऊन आली. त्या तिघींपैकी एक तिच्या नवऱ्याची पणजी. दोन ओव्या तिच्या सासूबाईंस येतात, असे ती म्हणाली. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओव्या आधी कागदावर शाईने उतरविल्या, सासूबाईंस वाचून दाखविल्या, आणि मग त्या संगणकात गेल्या. तीनपैकी एका पानावर आता चार ओळी आहेत. इतर दोघींच्या ओव्या ज्या कोणाच्या घरी आठवत असतील त्यांनी कृपा करून निरोप धाडावा. आम्ही वही घेऊन येऊ.